खोटी हाक

चहाचा पहिला घोट आणि मलप्पाचं नाव, दोन्ही एकाच वेळी आत गेली. औसा रोडवरच्या टपरीपाशी मी उभी होते, सकाळचे पावणेनऊ झाले होते, आणि विरूपाक्ष सरांनी मोबाइलवर चाचणी-फेरीची यादी पाठवली होती. गाडी नांदेडहून, बुधवारी. पायलट मलप्पा. सहायक आनंदराज. नोंदी शिल्पा, म्हणजे मी. एकाखाली एक तीन नावं, आजूबाजूला काही नाही. मी ग्लास पुन्हा तोंडाला लावला, रिकामा केला, टपरीवाल्याशी नेहमीसारखं दोन शब्द बोलले. जीभ भाजली आहे हे मला अर्ध्या तासानं, रेल्वे-डब्यांच्या कारखान्याच्या गेटवर ओळखपत्र दाखवताना कळलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला आयतं मिळालं आहे. सोळा वर्षं मी या माणसाचं काय करायचं याचा विचार करत आले होते. शाळेत असताना त्याचं घर जळावं असं वाटायचं, कॉलेजात त्याच्या दारावर जाऊन चार लोकांत बोलावं असं वाटायचं, एम.एस्सी. होईपर्यंत हे सगळं पोरकट वाटायला लागलं आणि राग मात्र होता तेवढाच राहिला, फक्त थंड झाला, म्हणजे जास्त दिवस टिकण्याजोगा झाला. आणि आता तो माझ्यापुढे चार फुटांवर बसणार होता, त्याच्या तोंडासमोर आवाज टिपणारं यंत्र असणार होतं, आणि त्या फेरीत काय काय तपासायचं याची यादी मी करणार होते. माणसांसमोर मी त्याला काका म्हणायचे. मनात त्याला अरेतुरेच करत आले होते.

आमची गाडी विजेवर धावते आणि डिझेलवरही. आठ डबे, छपरावर तारेला टेकणारी दांडी, जिला सगळे पेंटो म्हणतात, आणि तीन डब्यांच्या पोटाखाली डिझेलची इंजिनं. तार आहे तिथे वीज घ्यायची. वादळानं तार तुटली, पुरानं खांब आडवा झाला, तर पेंटो खाली घ्यायचा आणि न थांबता, ताशी एकशे तीसच्या वेगातच डिझेलवर जायचं. या अदलाबदलीला अकरा सेकंद लागतात. त्या अकरा सेकंदांत गाडीला ओढणारं काहीच नसतं. विजेची घरघर उतरते, डिझेलची अजून चढलेली नसते, आणि तेवढ्यात फक्त चाकं ऐकू येतात. प्रवाशाला यातलं काही कळू नये, त्याच्या कपातला चहा हलू नये, एवढ्यासाठी आम्ही दोन वर्षं खपत होतो. माझं सगळं काम त्या अकरा सेकंदांचं. नांदेडहून लातूर रोडपर्यंत तार सगळीकडे आहे, पण चाचणीपुरतं ठरलेल्या बारा ठिकाणी ती नाही असं मानायचं होतं. हे मानण्याचं काम मला आवडायचं. समोर तार दिसते आहे, तिच्यावर वेडे राघू बसलेत, आणि आपण शांतपणे कागदावर लिहायचं की इथे तार नाही.

पेंटो गाडी आपोआप खाली घेते, पण तो खरंच खाली गेला की नाही हे ती एकटी ठरवत नाही. केबिनमध्ये दोघं शेजारी बसतात. सहायकानं आधी बघायचं, हात वर करून मोठ्यानं हाक द्यायची. पायलटनं स्वतः बघायचं, हात वर करायचा आणि तेच शब्द परत म्हणायचे. सिग्नलचंही असंच. हिरवा, तर हिरवा. दोन तोंडातून आलं की ते खरं. हा रिवाज वाफेच्या इंजिनापासून चालत आला आहे आणि आमच्या नव्या गाडीतही कुणी काढलेला नाही, कारण त्याच्याइतकी स्वस्त आणि बिनबिघाडाची दुसरी सोय अजून निघालेली नाही. नांदेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही पोरं हाच खेळ खेळायचो. खाटेवर दोघांनी बसायचं, एकानं ओरडायचं, दुसऱ्यानं परत ओरडायचं. मलप्पाचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. त्याची बायको दानम्मा उदगीरकडची, जेवायच्या वेळी भिंतीवरून डोकवायची आणि मला कानडीत 'बा, उण्ण बा' म्हणून बोलवायची. तिच्या हातची शेंगांची पोळी मी आईच्या हातच्या भाकरीपेक्षा जास्त खाल्ली असेन. बाबा मलप्पाचे सहायक. सहा वर्षं दोघं एकाच केबिनमध्ये. लोक म्हणायचे, शेषेराव हाक देतो आणि मलप्पा वाजतो, टाळ आणि मृदंगासारखं. मला त्याचा अभिमान होता. बाबांचा आवाज आधी यायचा, हे मी वर्गात सांगायचे.

सोळा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, सकाळी साडेसातला, धुक्यात, एका लहान स्टेशनाच्या बाहेर त्यांच्या पॅसेंजरनं लाल सिग्नल ओलांडला. पुढे मालगाडी उभी होती. चाळीस मीटर अंतर राहिलं आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. डब्यातल्या लोकांना वाटलं क्रॉसिंग आहे. चौकशीत मलप्पा म्हणाला की शेषेरावनं हिरवा म्हणून हाक दिली आणि मी ती परत म्हणालो. बाबा म्हणाले, मी तोंड उघडलं नव्हतं. केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं आणि तेव्हा आवाज टिपत नसत. मलप्पानं शर्टाचं वरचं बटण काढलं, गळ्यातल्या शिवदाऱ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरली आणि म्हणाला, हे हातात घेऊन खोटं बोलत नाही. बाबांच्या गळ्यात काहीच नव्हतं. हे मला बाबांनी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता. मलप्पाला वर्षभर मालगाडीवर टाकलं. बाबांना काढलं. क्वार्टर सोडताना दानम्मा भिंतीपाशी उभी होती, हातात काहीतरी झाकलेलं ताट घेऊन. आईनं ते घेतलं नाही. टेम्पोत मी मागं, गाद्यांवर बसले होते. त्या ताटात काय होतं हे अजूनही मला माहीत नाही, आणि याचाही मला राग आहे.

बाबांनी उमरीला गिरणी टाकली. ती अजून चालते. विजेवरची मोटर, आणि वीज गेली की पट्टा काढून डिझेलच्या इंजिनावर चढवायचा. माझं बारावीपर्यंतचं आयुष्य त्या पट्ट्याच्या आसपास गेलं. बाबा चालत्या चाकावरून पट्टा सरकवायचे, थांबवून नाही, कारण जातं थांबलं की आतलं दळण चिकटतं. लाकडाच्या एका फळीनं, नुसत्या अंदाजानं. जात्याचा आवाज क्षणभर उतरायचा आणि पुन्हा चढायचा. विरूपाक्ष सरांनी मुलाखतीत विचारलं होतं की चालत्या गाडीत ऊर्जा बदलण्यात अडचण कुठे येईल, आणि मी गिरणीचं सांगितलं होतं. ते हसले होते आणि त्यांनी मला घेतलं होतं. बाबा या सोळा वर्षांत मलप्पाचं नाव तीनदा बोलले असतील. पण गाडी उमरीवरून जायची तेव्हा हातातलं काम थांबायचं, पीठ लागलेल्या भुवया किंचित वर जायच्या, आणि गाडी गेल्यावर पुन्हा खाली यायच्या. मी ते रोज बघायचे. कुणाला सूड कशासाठी घेता असं विचारलं तर लोक मोठं कारण सांगतात. माझं कारण त्या भुवया होत्या.

तर मी यादीत नववी बाब घातली. पायलट स्वतः बघतो की ऐकतो, याची चाचणी. एका ठिकाणी सहायकानं मुद्दाम खोटी हाक द्यायची: पेंटो वरच असताना 'पेंटो खाली' म्हणायचं. नियमाप्रमाणे पायलटनं समोरच्या फळ्यावरचा पेंटोचा दिवा बघून 'नाही, वर आहे' म्हणायला हवं. धोका काही नाही, वर तार आहेच, पेंटो वर राहिला तर गाडी विजेवर चालत राहील. पायलटला आधी सांगायचं नाही. बाब वाचायला इतकी स्वच्छ होती की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. विरूपाक्ष सर म्हणाले, लई भारी डोकं लावलंस, हे कुणाला सुचलंच नव्हतं, आणि सही केली. सर मूळचे निलंग्याचे, मनानं मोकळे, त्यांना वाटलं मी गाडीचा विचार करते आहे. आनंदराजनं मात्र कागद दोनदा वाचला. तो बत्तीस-तेहतीसचा, किनवटचा, मलप्पाच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं विचारलं की काकांना खोटं सांगायचं? मी सांगितलं, ही माणसाची चाचणी नाही, पद्धतीची आहे. तो म्हणाला, "ताई, पद्धत काय केबिनीत येऊन बसणार हाय का? बसणार तर तेच हायेत." मग त्यानं सही केली. सहायकाला अशा कागदावर सही न करण्याची मोकळीक नसते, हे मला माहीत होतं. चार महिन्यांनी मलप्पा निवृत्त होणार होता. पहिली प्रवासी फेरी त्यानंच न्यायची असं ठरत आलं होतं, पेपरात फोटो, हार, सगळं. या एका बाबीचा निकाल विरुद्ध गेला की त्याचं नाव गळणार आणि त्याच्या सेवापुस्तकातली शेवटची ओळ अशी राहणार: न बघता हाक परत म्हणतो. ती ओळ मी लिहिणार होते. तीच ओळ सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहायला हवी होती.

बुधवारी नांदेडला तो केबिनमध्ये चढला तेव्हा मी आधीच मागच्या आसनावर लॅपटॉप उघडून बसले होते. केस पूर्ण पांढरे, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, खांदे मला आठवत होते त्यापेक्षा अरुंद. त्यानं हँडलला हात लावून तो कपाळाला लावला, वळला, आणि माझ्याकडे बघत राहिला. "शेषेरावची शिल्पा ना तू?" मी मान हलवली. त्यानं विचारलं बाप कसा हाय. मी म्हटलं गिरणी चालवतात. हाव, ऐकलं, असं म्हणून तो म्हणाला, "त्याला म्हणावं..." आनंदराज ब्रेकचा दाब वाचून दाखवायला लागला आणि तो तिकडे वळला. त्याला म्हणावं, काय म्हणावं? तो वाक्य अर्धं ठेवू शकतो, याचा मला इतका संताप आला की पहिल्या पाच मिनिटांच्या नोंदी मी दोनदा तपासल्या. गाडी हलली. पूर्णेच्या अलीकडे त्यानं मागे न बघता मला सांगितलं की बाई, वळणावर टेकून बस, झोका बसतो. मी टेकले नाही.

मी त्याची मान बघत होते. कॉलरच्या वर शिवदाऱ्याचा एक इंच दिसत होता, घामानं काळा पडलेला. पहिल्या सात अदलाबदली झाल्या. आनंदराज हाक द्यायचा, 'पेंटो खाली', मलप्पाची मान किंचित डावीकडे झुकायची, म्हणजे तो दिवा बघत होता, मग हात वर, 'पेंटो खाली'. अकरा सेकंद. घरघर उतरायची, चाकं ऐकू यायची, मग खालून डिझेलची थरथर तळपायात चढायची. मी माझी कळ दाबायची: कंपन, वेग, वेळ आपोआप नोंदले जात, मी फक्त मलप्पाची हाक झाल्यावर, स्वतः दिवा बघून, 'खाली' किंवा 'वर' दाबायचं, पडताळा म्हणून. सातपैकी सातदा त्यानं बघितलं. मी घाबरले. हे असं होईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. मग आठव्याला त्याची मान हलली नाही. नवव्याला हलली. दहाव्याला नाही. डोळे समोर, हात सवयीनं वर, आवाज सवयीनं बाहेर. थकवा येत होता, विश्वास बसत होता. हाच तो, मी मनात म्हटलं. हाच माणूस धुक्यात बसला होता. परभणी गेली, गंगाखेडला गोदावरी गेली, पाणी उन्हात पितळेच्या ताटासारखं सपाट होतं. अकरावी झाली. बाराव्या ठिकाणी खोटी हाक होती. माझ्या हाताला घाम आला होता आणि तो मी ओढणीला पुसला हे मला नीट आठवतं. मला हेही आठवतं की डाव्या बाजूला ज्वारीचं कापलेलं रान होतं, एका बैलगाडीवर कडबा भरणं चाललं होतं, आणि त्या कडब्यावर उभ्या असलेल्या बाईनं गाडीकडे बघून हात कपाळाशी नेला. आनंदराजनं हात वर केला. त्याचा आवाज जरा चिरका आला. "पेंटो खाली." मी मानेकडे बघत होते. मान हलली नाही. "पेंटो खाली," मलप्पा म्हणाला.

वर पेंटो तारेला टेकलेला होता. समोर, तो वर असल्याचा हिरवा दिवा जळत होता. घरघर उतरली नाही, अकरा सेकंदांची शांतता आली नाही, काहीच झालं नाही, आणि या काहीच न होण्याच्या मध्यभागी मला आनंद झाला. उसाचा रस पहिल्यांदा तोंडात येतो तेव्हा दात आंबतात, तसा. मी सुखानं डोळे मिटले. आनंदराज खालच्या आवाजात म्हणाला, "काका, वर हाय. चाचणी होती." मलप्पानं दिव्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग समोर बघत, वेग कमी-जास्त न करता, त्यानं विचारलं की ही बाब कुणी घातली. मी म्हटलं, मी. तो म्हणाला, "हाव. बरोबर घातलीस." परळीपर्यंत त्यानं प्रत्येक सिग्नलला मान वळवली, अगदी रिकाम्या रुळावरच्या सिग्नललाही, आणि मला ते बघून बरं वाटत राहिलं. लातूर रोडला उतरताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र त्याच्याकडे बघत उभी राहिले, तो पिशवी घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत जाईपर्यंत.

शनिवारी लातूरच्या ऑफिसात मी घड्याळं जुळवायला बसले. केबिनमधला आवाज, छपरावरचं दाबमापक आणि माझ्या कळा, तिन्हींची घड्याळं किंचित मागेपुढे असतात, ती एका रेषेत आणावी लागतात. हे काम मी नेहमी कानात काही न घालता करते. बारावं ठिकाण मी शेवटी ठेवलं होतं, ताटातली गोड वाटी शेवटी ठेवतात तसं. अकरा बेचाळीस, सात सेकंद: आनंदराजची हाक संपते. सात पूर्णांक नऊ: मलप्पाचा आवाज सुरू होतो. छपरावरचा दाब जराही बदललेला नाही, पेंटो वर. आणि सात पूर्णांक चारला, दोघांच्या आवाजांच्या मध्ये, एक कळ. खाली. माझी.

मी घड्याळं पुन्हा जुळवली. चूक असती तर ती अकराही ठिकाणी दिसली असती, आणि तिथे सगळं काट्यावर होतं. शिवाय तिथे प्रत्येक वेळी माझी कळ मलप्पाच्या आवाजानंतर होती. इथे आधी. अर्धा सेकंद आधी. मला ती दाबल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ओढणीला पुसलेला हात आठवतो, कडब्यावरची बाई आठवते, तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा आठवतो. ती हाक खोटी आहे हे जगात तीन माणसांना माहीत होतं आणि त्यातली एक मी, ती रचणारी. मी वर बघितलं नव्हतं, दिव्याकडे बघितलं नव्हतं, मी मान बघत होते, आणि माझ्या बोटानं ऐकलं आणि लिहून टाकलं. कुणी मला चौकशीत बसवून विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी कळीला हात लावला नव्हता. आणि ते मी खरं मानून सांगितलं असतं. हा विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येत होता, मला तो दिसत होता, धुक्यातून गाडीचा दिवा आधी दिसतो आणि गाडी नंतर, तसा. मी उठून पाणी प्यायले. खिडकीतून गंजगोलाईकडे जाणाऱ्या रिक्षा मोजल्या. मी तोंड उघडलं नव्हतं. सोळा वर्षं हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं होतं, सगळ्यात मिसळलेलं, कुणी चाखून बघायचं नाही.

विरूपाक्ष सरांना मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुझ्या कळा कोण मागून राहिलंय? त्या पडताळ्यासाठी होत्या, पडताळा झाला, आता ती ओळ उडव. मलप्पाचा निकाल गाडीच्या नोंदीवर उभा आहे, तुझ्या बोटावर नाही. सोमवारी दुपारपर्यंत अहवाल दे. मग म्हणाले की ठेवलीस तर मात्र विचारतील, नोंद ठेवणारीच न बघता ठेवते तर बाकीच्या अकरा ठिकाणांचं काय, आणि तुला या कामावरून काढतील. ते बरोबर बोलत होते. सर नेहमीच बरोबर बोलतात.

रविवारी सकाळी मी उमरीला गेले. गिरणीत बाबा एकटेच होते, डब्यांची रांग लागलेली, ज्यांचे डबे ती माणसं बाजारात गेलेली. मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त मोटर बंद करा म्हटलं. त्यांनी मधेच दळण कधी थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी थांबवलं, बहुतेक माझ्या चेहऱ्यामुळे. जातं फिरत फिरत शांत झालं. मी लॅपटॉप पोत्यावर ठेवून ते दोन आवाज लावले. पहिल्यांदा त्यांना आवाज ओळखू आला नाही. मग आला. त्यांच्या हातावरचं पीठ त्यांनी धोतराला पुसलं, सावकाश, एकेक बोट. म्हणाले, परत लाव. मी लावलं. परत. चार वेळा. मी त्यांना सांगितलं की पेंटो वर होता, दिवा समोर होता, त्यानं बघितलं नाही, नुसतं परत म्हटलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी सोळा वर्षं बघायची वाट पाहत होते आणि ते आल्यावर मला त्याच्याकडे बघवेना. ते तरुण दिसायला लागले होते. खालचा ओठ आत ओढला गेला होता आणि डोळ्यांत एक लहान, कडक, सुखी चमक होती, बुधवारी केबिनच्या काचेत कुणी माझ्याकडे पाहिलं असतं तर त्याला दिसली असती तीच.

"पाठव," ते म्हणाले. "आज पाठव. उद्या कामून?"

मग मी त्यांना कळ दाखवली. त्यांना रेघा समजल्या नाहीत, म्हणून तोंडानं सांगितलं: आनंदराजनं हाक दिली, मलप्पाच्या आधी मी लिहून टाकलं, आणि मला आठवत नाही. अहवालात हे राहिलं तर माझं काम जाईल. ते ऐकत होते. दारातून उन्हाची पट्टी आत आली होती आणि तिच्यात पीठ तरंगत होतं, खाली न बसणारं. मला वाटलं आता बाबा स्वतःच त्या सकाळच्या हाकेचं बोलतील. माझ्याच बोटाच्या गोष्टीवरून ते तिथवर येतील, ज्याच्या बाहेर मी कालपासून उभी होते, आणि आम्ही दोघं मिळून आत बघू.

ते म्हणाले, "मग तुझं तेवढं काढ."

सहज म्हणाले, डाळीतला खडा काढ म्हणावं तसं. मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुमच्या तोंडून हिरवा गेलं होतं का?" माझा आवाज मोठा आला, कारण इतकी वर्षं गिरणीत मोठ्यानंच बोलायची सवय. ते माझ्याकडे वळलेही नाहीत. भिंतीपाशी गेले आणि मोटर चालू केली. पट्टा थरथरला, जातं घुमायला लागलं, पत्र्याच्या छपरापर्यंत सगळं त्या आवाजानं भरलं. ते खाली बसले आणि जात्याच्या तोंडाशी हात धरून पडणारं पीठ दोन बोटांत चोळून बघायला लागले. मी पोत्यावर बसले. फाईल उघडली. बाराव्या ठिकाणी तीन ओळी होत्या: आनंदराज, शिल्पा, मलप्पा, वेळेच्या क्रमानं. दुसऱ्या ओळीवर बाण नेला. ती निळी झाली. मी बराच वेळ तिला निळी ठेवलं. मला मलप्पा हवा होता, अजूनही हवा होता, त्यात तसूभर कमी झालं नव्हतं. पण आता तो एकटा पुरणार नव्हता. मी बाण बाजूला घेतला, ओळ पुन्हा काळी झाली, आणि तिन्ही नावांसकट अहवाल विरूपाक्ष सरांना आणि त्यांच्या वरच्या दोघांना पाठवून दिला. लॅपटॉप मिटला.

"काढलं का?" बाबांनी जात्याच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"काढलं," मी ओरडले.

"काढलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे पिठावर होते.